आगरकोटातल्या ठिकऱ्या

लहानपणी मे महिन्यात आत्याकडे गेलो की अंगणात ठिकरीचा डाव पडायचा आणि सगळ्यात जास्त भाव असायचा निळ्या नक्षीच्या ठिकरीला. कौलाचा तुकडा टाकला की उडायचा, घरंगळून रेषेवर जायचा, आणि ही पांढरी गुळगुळीत ठिकरी मात्र बरोबर घरात जाऊन बसायची. मिळायची कुठे, तर सुपारीच्या आळ्यात, पाटाच्या कडेला, पहिल्या पावसात माती धुपली की विहिरीच्या चौथऱ्यापाशी. आत्याचं घर अलिबाग तालुक्यातल्या रेवदंड्यात पोर्तुगीजांच्या कोटाच्या आत आहे, गावात ज्याला आगरकोट म्हणतात तिथे. माझ्याकडे त्यातली एक ठिकरी अजून आहे, दोन बोटांएवढी, तिच्यावर एका पानाचं टोक आणि कुठल्या तरी प्राण्याचा मागचा पाय, वरचा प्राणी गायब. कॉलेजात असताना एका ओळखीच्या पुरातत्त्ववाल्याला दाखवली तर तो हसला आणि म्हणाला, अरे ही चीनमधून आलेली आहे, पोर्तुगीजांच्या जहाजातून उतरलेली असणार. म्हणजे आम्ही पोरं चारेकशे वर्षं जुन्या चिनी बशीच्या तुकड्यावर लंगडी घालत होतो.

हे आत्ता आठवायचं कारण म्हणजे २०२५ च्या जुलैत मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले, त्यात आमच्या तालुक्यातला खांदेरी पण आहे, आणि त्यानंतर आमच्याकडे जिथे चार माणसं जमतील तिथे एकच वाद. मग पोर्तुगीजांच्या कोटांचं, म्हणजे रेवदंड्याचं काय, कोर्लईचं काय, वसईचं काय? एक बाजू म्हणते फिरंग्यांचं आहे ना, पडू दे, कशाला जपायच्या गुलामीच्या खुणा, तिकडे २०२३ मध्ये गोव्याच्या मुख्यमंत्र्यांनीच पोर्तुगीजांच्या खुणा पुसायची भाषा केली होती. दुसरी बाजू म्हणते असं कसं, वारसा आहे, लाइटिंग करा, तटावरून फिरायला रस्ता करा, टुरिस्ट येतील, चार पोरांना धंदा मिळेल. दोन्ही बाजूंचं भांडण कडाक्याचं, पण गंमत अशी की दोघंही मान वर करून भिंतींकडे बघतायत, एकाला ती पाडायचीय आणि दुसऱ्याला तिच्यावर दिवे लावायचेत, पायाखाली काय आहे हे कोणीच विचारत नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. भिंत जशी आहे तशी राहू द्या, तिला ना शेंदूर फासा ना रंगीत लाइट मारा, आणि थोडं थोडं, नीट, शास्त्रशुद्ध खणा, पण ते पडदे लावून नाही तर गावाच्या डोळ्यांदेखत, गावातल्या माणसांना हाताशी धरून, आणि जे निघेल ते मराठीत लिहून गावातच ठेवा. आणि हे पोर्तुगीजांसाठी करायचं नाहीये. आपल्यासाठी करायचंय, कारण त्या जमिनीत पोर्तुगीज कमी आणि आपलीच माणसं जास्त आहेत.

आधी जागा काय आहे ते बघू, कारण अर्धा वाद जागा माहीत नसल्यामुळे होतो. रेवदंडा म्हणजे जुन्या चौल बंदराचाच भाग, आणि चौल हे बंदर पोर्तुगीजांच्या दीडेक हजार वर्षं आधीचं. ग्रीक व्यापाऱ्यांच्या नोंदींत ते सेमिल्ला म्हणून येतं, अरब प्रवासी त्याला सैमूर म्हणायचे, दहाव्या शतकात अल मसुदी इथे आला तेव्हा शिलाहारांचं राज्य होतं आणि गावात हजारो मुसलमान व्यापारी राहत होते. डेक्कन कॉलेजच्या विश्वास गोगट्यांनी चौलात खणलं तेव्हा सातवाहनांच्या काळापर्यंतचे पुरावे मिळाले. पंधराव्या शतकात अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी इथे उतरला, त्याचं स्मारक रेवदंड्याच्या शाळेत आहे. फिरंगी आले त्यानंतर. १५०८ साली चौलच्या खाडीतच इजिप्त आणि गुजरातच्या आरमाराने त्यांना चोप दिला, व्हाइसरॉयचा पोरगा लॉरेन्सो द आल्मेडा इथेच मेला, पण १५२१ मध्ये बुऱ्हाण निजामशहाकडून कोट बांधायची परवानगी त्यांनी मिळवलीच. १५७०-७१ मध्ये मुर्तझा निजामशहाने वेढा घातला, कोट पडला नाही. आणि १७४० मध्ये, वसई पडल्यानंतर वर्षभराने, तहात रेवदंडा आणि कोर्लई मराठ्यांकडे आले. म्हणजे जवळजवळ दोनशेवीस वर्षं फिरंगाण. मुंबई हे इंग्रजांचं शहर व्हायच्या कितीतरी आधी इथे तटबंदीच्या आत एक अख्खं शहर होतं, चर्चं, मठ, गोदामं, रस्ते. आज तिथे नारळ-सुपारीच्या वाड्या आहेत, मधूनमधून एखादी कमान, एखादी वेलींनी भरलेली भिंत, फ्रान्सिस्कन पाद्र्यांच्या चर्चचा सातखणी मनोरा आणि त्याच्या बुडाशी पडलेल्या तोफा, ज्यांच्यावर बसून लोक प्री-वेडिंगचे फोटो काढतात.

आता गुलामीच्या खुणा हा मुद्दा. तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही हे मी मान्य करतो. पोर्तुगीजांनी देवळं पाडली, सक्तीने धर्मांतरं केली, गोव्यात १५६० मध्ये सुरू झालेलं इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, मधली चार वर्षं सोडली तर १८१२ पर्यंत चाललं आणि त्याचा धाक चौल-वसईपर्यंत होता. माणसं विकली गेली, आफ्रिकेतून आणलेली पण आणि इथली पण. ज्याला हे आठवून राग येतो त्याला मी "इतिहासाकडे तटस्थपणे बघा" वगैरे शहाणपण शिकवणार नाही. पण राग आला म्हणून पुरावा कोण पुसतो? एखाद्याने आपल्या घरावर दरोडा घातला तर आपण पोलीस यायच्या आधी घर झाडून पुसून लख्ख करतो का? पोर्तुगीजांनी इथे काय केलं हे सांगणारे कागद आहेत, ढिगाने आहेत, पण ते लिस्बनमध्ये आणि गोव्याच्या पुराभिलेखात, आणि ते लिहिले कोणी? कप्तानाने, पाद्र्याने, हिशेबनिसाने. कोटात मीठ वाहणाऱ्या बाईने काही लिहून ठेवलेलं नाही. ती काय खात होती, कशात शिजवत होती, तिच्या चुलीतल्या राखेत मासा जास्त होता की नाचणी, तिचं घर जळलं तेव्हा आत काय राहिलं, हे कागदात सापडणार नाही. सापडलं तर मातीतच. खुणा पुसायच्या म्हणाल तर कप्तानाचे कागद लिस्बनमध्ये सुरक्षित राहणार आणि बाईची चूल तेवढी जाणार.

आणि ज्यांच्या नावाने हा राग सांगितला जातो त्यांनी स्वतः काय केलं होतं ते पण बघा ना. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने वसई घेतली तेव्हा चर्चमधल्या मोठ्या घंटा फोडून, वितळवून टाकता आल्या असत्या, धातूची किंमत त्या काळी कमी नव्हती. त्यांनी त्या उतरवल्या आणि देवळात नेऊन टांगल्या. नाशिकची नारोशंकराची घंटा बघा, भीमाशंकरची बघा, वाईजवळ मेणवलीची बघा, फिरंगी घडणावळीची घंटा आणि खाली हर हर महादेव. त्यांना जिंकलेल्या वस्तूची लाज वाटली नाही. आज आगरकोटात जे भग्न दिसतंय ते भग्न झालं कशामुळे? १७४० मुळे. फिरंगी गेले म्हणून चर्चची छपरं गेली आणि जिथे बाजार होता तिथे सुपारी लागली. ज्याला ह्या पडक्या भिंतीत नुसती गुलामीच दिसते त्याने मराठ्यांचा विजय कुठे बघायचा ठरवलंय?

बरं, पुसायच्याच तर कुठपर्यंत पुसणार? बटाटा, पाव, काजू, अननस, चावी, पगार, बिजागरी, हे शब्द फिरंग्यांच्याच गलबतातून उतरले. उत्खननात माती वाहायला जे घमेलं लागतं तो शब्दसुद्धा पोर्तुगीज. खाडीच्या पलीकडे कोर्लई गावात आजही घरात पोर्तुगीज क्रिओल, म्हणजे पोर्तुगीज आणि इथल्या बोलीची मिसळ, बोलली जाते, बोलणारे तिला "नौ लिंग" म्हणतात, म्हणजे आमची भाषा, साधारण हजारभर माणसं असतील, बाहेर आपल्यासारखीच मराठी बोलतात, मासे पकडतात, शेती करतात. पोर्तुगीज जाऊन पावणेतीनशेच्या वर वर्षं झाली, ही माणसं कुठेही गेली नाहीत. ती ह्याच मातीतली. खुणा पुसायच्या यादीत तुम्ही त्यांचं काय करणार आहात, ते एकदा समोर बसून त्यांना सांगता येईल का?

आता परदेशातलं एक उदाहरण देतो, कारण तिथे हाच प्रयोग झालेला आहे. अमेरिकेत व्हर्जिनियामध्ये जेम्सटाउन म्हणून जागा आहे, १६०७ मध्ये १०४ इंग्रज पुरुष आणि पोरं तिथे उतरली, अमेरिकेतली टिकलेली पहिली इंग्रज वसाहत. गोऱ्या अमेरिकनांसाठी ते जवळजवळ तीर्थक्षेत्र. पण मूळ लाकडी कोट नदीने गिळला असं सगळे धरून चालले होते. १९९४ मध्ये विल्यम केल्सो नावाच्या पुरातत्त्वज्ञाने तिथे खणायला सुरुवात केली आणि दोनेक वर्षांत कोटाच्या लाकडी खांबांच्या खुणा मातीत सापडल्या, बराचसा कोट जमिनीवरच होता. मुद्दा तो नाही. मुद्दा असा की हे सगळं लोकांसमोर झालं, दोरीच्या ह्या बाजूला शाळेची पोरं आणि त्या बाजूला खड्ड्यात बसून ब्रशने माती झाडणारा माणूस, पोरांनी विचारायचं आणि त्याने हात थांबवून सांगायचं. आणि निघालं काय? तीर्थक्षेत्राला शोभेल असं नाही निघालं. २०१२ मध्ये चौदा वर्षांच्या एका इंग्रज मुलीची कवटी सापडली, १६०९-१० च्या हिवाळ्यातल्या उपासमारीतली, हाडांवर सुरीच्या खुणा, म्हणजे तिच्याच माणसांनी भुकेपोटी तिला कापून खाल्लं होतं. कोटाच्या आत तिथल्या मूळ रहिवाशांची मडकी ढिगाने निघाली, म्हणजे इंग्रज आत आणि मूळ रहिवासी बाहेर हे पाठ्यपुस्तकातलं चित्र खोटं, आत रांधणारे हात त्यांचेही असणार. पुढे २०१७ पासून तिथेच एका आफ्रिकन बाईच्या वास्तव्याची जागा शोधायला खणलं, तिचं नाव अँजेला, १६१९ मध्ये आणलेली, जुन्या शिरगणतीत एका कॅप्टनच्या घरात तिची एका ओळीची नोंद आहे, बाकी काही नाही. गौरवशाली जन्मस्थान म्हणून जपलेल्या जागेने शेवटी भूक आणि गुलामी दाखवली, ती पण तिकीट काढून आलेल्या लोकांना, तोंडावर. ह्याला वसाहतवादाचं उदात्तीकरण म्हणायचं का? उलट, जो फोडणी दिलेला इतिहास भाषणांतून चालत होता तो खोरं लागल्याबरोबर फुटला.

आपल्याकडेही उदाहरण आहे, आणि ते जुन्या गोव्यातलं. सेंट ऑगस्टीनच्या पडक्या मनोऱ्यापाशी भारतीय पुरातत्त्व खात्याने वर्षानुवर्षं खणलं. लोक म्हणणार, त्या पडक्या चर्चमध्ये कसलं काय. तिथे एका दगडी पेटीजवळ हाडाचे तुकडे मिळाले, पोर्तुगीज कागदात ज्या खिडकीपाशी अवशेष ठेवल्याचं लिहिलं होतं तिच्यावरून जागा शोधली होती, हैदराबादच्या सीसीएमबी ह्या प्रयोगशाळेत डीएनए तपासला, आणि ते हाड जॉर्जियाची राणी केतेवान हिचं असण्याची शक्यता बळकट झाली, जिला १६२४ मध्ये इराणच्या शाह अब्बासने शिराझमध्ये हालहाल करून मारलं आणि जिचे अवशेष ऑगस्टिनियन पाद्री गोव्याला घेऊन आले. २०२१ मध्ये आपल्या परराष्ट्रमंत्र्यांनी तिबिलिसीला जाऊन ते अवशेष जॉर्जियाला दिले, तिथे ती संत आहे. गोव्यातल्या त्या ढिगाऱ्यात कोणाची गुलामी दडलीय हे वरून बघून कोणी सांगू शकलं असतं का?

आता विरोधातले खरे मुद्दे, जे गुलामीच्या आरोळीच्या मागे दबून जातात आणि जे मला जास्त वजनदार वाटतात. पहिला पैशाचा. आमच्याच महाराजांच्या गडांच्या भिंती दर पावसाळ्यात ढासळतायत, पोरं स्वतःच्या खर्चाने टाक्या साफ करतायत, आणि तुम्ही फिरंग्यांच्या कोटाला पैसे मागताय? बरोबर आहे, मीही तीन पावसाळे त्या पोरांबरोबर गाळ उपसलाय. पण मी कोटाची डागडुजी मागतच नाहीये, दगडी भिंत उभी करायला कोटी लागतात, एक मीटर बाय एक मीटरचा खड्डा नीट खणायला चार माणसं, चाळण, टेप, वही आणि आठवडा लागतो. इंग्लंडात जुन्या गावांत लोकांनी आपापल्या परसात तज्ज्ञांच्या देखरेखीखाली असेच छोटे खड्डे घेतले आणि कुठली आळी कधी वसली, कधी ओस पडली हे त्यातून निघालं. आपल्याकडे मुंबई विद्यापीठाच्या बहिःशाल विभागाने मुंबई-ठाण्याच्या साष्टी बेटावर जी पाहणी केली त्यात विद्यार्थी आणि साधी हौशी माणसंच वस्ती-वस्तीतून वीरगळ आणि मूर्ती नोंदवत फिरली. आणि रायगडाचं म्हणाल तर तिथे २०२१ मध्ये उत्खननात सोन्याची बांगडी सापडली तेव्हा सगळ्या महाराष्ट्राला भरून आलं होतं. ती बांगडी कोणाची ते कोणाला माहीत नाही, तरी आलं ना भरून? मग आगरकोटातल्या कुठल्या बाईची काचेची बांगडी निघाली तर ती परकी कशी, ती काय पोर्तुगालहून बांगड्या भरून आली होती?

दुसरा मुद्दा खणणाऱ्यांचाच असतो, की उत्खनन म्हणजे विध्वंस, एकदा थर उचलला की तो परत लावता येत नाही, आणि लोकांना आत घेतलं की गुप्तधनवाले पण येणार. शंभर टक्के खरं. म्हणून तर मी थोडं खणा म्हणतोय, बहुतेक जमीन पुढच्या लोकांसाठी सोडून, परवाना घेऊन, जाणकाराच्या हाताखाली. पण ह्या मुद्द्यात एक गृहीत आहे की आपण खणलं नाही तर जमीन तशीच शांत पडून राहील, आणि इथे मला हसू येतं. मुंबईहून रोरो बोटीने गाडीसकट मांडवा तासाभरात, अटल सेतू झाला, अलिबागच्या खाली जमिनीचा भाव गुंठ्याला काय झालाय ते आमच्या भागात पोरंसुद्धा सांगतात. प्रत्येक नव्या बंगल्याला पाया लागतो, सेप्टिक टँक लागतो, आणि आता तर स्विमिंग पूल पण लागतो. जेसीबी दोन तासांत जेवढी माती उचलतो तेवढी पुरातत्त्वज्ञ दोन सीझनमध्ये उचलत नाही. खणणं चालूच आहे, फक्त वही आणि चाळण घेऊन बाजूला कोणी उभं नाहीये. ती माती ट्रॅक्टरने जाते आणि कुठल्या तरी खाचरात भराव म्हणून पडते, आत चिनी बशा, निजामशाही नाणी, तोफेचे गोळे, सगळं एकत्र.

तिसरा मुद्दा मला सगळ्यात जास्त पटतो आणि तो आमच्या आत्याचाच आहे. ती म्हणते, "तू सांगतोस ते बरंय रे, पण पुरातत्त्ववाले एकदा वाडीत शिरले की आम्हाला संडासपण बांधता येणार नाही." ह्याला हसू नका. २०१० च्या दुरुस्तीनंतर केंद्र संरक्षित वास्तूच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवीन बांधकामाला बंदी आणि त्यापुढे २०० मीटर परवानगीचं लफडं, हे देशभर ज्या ज्या वस्तीत स्मारक आहे तिथल्या माणसाने भोगलेलं आहे. वर १८७८ चा गुप्तधनाचा कायदा, जमिनीत दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं तर कलेक्टरला कळवा, दहा रुपये, १८७८ चे, आणि कायदा आजही तोच. ह्याचा परिणाम काय होतो ते मी डोळ्याने बघितलंय. विहिरीचा गाळ काढताना एका वाडीत कोरीव दगड निघाला, मालकाने इकडे तिकडे बघितलं आणि संध्याकाळच्या आत तो परत मातीत, वर केळीचा कोंब. त्याला इतिहासाचा द्वेष नव्हता, पोरीचं लग्न होतं आणि घराला एक खोली वाढवायची होती. सरकारने कायदा असा केलाय की ज्याच्या हातात पुरावा येतो त्यालाच तो लपवावा वाटतो.

पण ह्यातून निष्कर्ष काय निघतो? पुरातत्त्व नको असा? माझ्या मते उलटा. लोकांना बाहेर ठेवून, तारेचं कुंपण आणि निळा बोर्ड लावून जे पुरातत्त्व चालतं ते अशीच भीती तयार करतं. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९७ पासून एक योजना आहे, शेतात काही मिळालं तर माणूस ते नोंदवायला घेऊन येतो, तिथला अधिकारी फोटो काढतो, जागा लिहितो आणि बहुतेक वेळा वस्तू परत देतो, आजपर्यंत दहा लाखांहून जास्त वस्तूंची नोंद झाली. तिथले लोक काय आपल्यापेक्षा जास्त प्रामाणिक आहेत? नाही, तिथे सांगितल्याचा तोटा होत नाही एवढंच. रेवदंड्यात हे करायला नवीन संसद बोलवावी लागत नाही, ग्रामपंचायतीने, शाळेने आणि एखाद्या विद्यापीठाने मिळून वाचनालयात एक टेबल मांडलं आणि कलेक्टर ऑफिसने लेखी दिलं की ठिकरी दाखवायला आलेल्या माणसाच्या घरावर नोटीस जाणार नाही, तरी पहिल्या वर्षात पोतंभर माहिती जमेल. तामिळनाडूत कीळडीला उत्खनन चालू असताना बसेस भरभरून लोक खड्डे बघायला आले, २०२३ मध्ये तिथेच म्युझियम उघडलं, त्या गावातल्या माणसाला आज उत्खनन म्हटलं की कुंपण आठवत नसेल.

एक भीती मात्र अशी आहे जिच्याबद्दल उघड कोणी बोलत नाही, बंद खोलीत बोलतात. चर्चच्या खाली देवळाचा दगड निघाला तर? किंवा देवळाच्या खाली अजून कशाचा? मग येणार झेंडे घेऊन माणसं, आणि कोर्लईच्या ख्रिस्ती माणसाला आपण कोण आहोत ते परत सिद्ध करावं लागणार. ही भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही, मागच्या काही वर्षांत आपण सगळ्यांनी बघितलंय खोरं कशासाठी वापरलं जातं ते. पण झेंडेवाल्यांना उत्खनन लागत नाही, अफवा पुरते, आणि अफवा बंद दाराआडच वाढते. चौल हे असं बंदर आहे की तिथे एका थरात एकच धर्म सापडणं अवघड, रामेश्वराचं देऊळ आहे, हमामखाना आहे, बेने इस्रायली ज्यूंचं सिनेगॉग रेवदंड्यात आहे, शनवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून त्यांनाच शनवार तेली म्हणायचे, त्या घाण्याच्या आठवणी तालुकाभर आहेत, चौलचे रेशीमवाले मुंबईला गेले त्यांच्यावरून तिथल्या चेऊलवाडीचं नाव पडलं. देवळाचा दगड निघेलच, निघाला की लिहा, फोटो लावा, कोणत्या थरात निघाला ते सांगा, त्याच्या वरच्या थरात काय होतं आणि खालच्यात काय ते पण सांगा. दहावीतल्या पोराने तो खड्डा स्वतः बघितला असेल, बाजूच्या मातीचा रंग कसा बदलत गेला ते वहीत रंगवलं असेल, तर त्याला भाषणात एकच थर विकणं अवघड जाईल. अशक्य जाईल असं म्हणत नाही मी, तेवढा भाबडा नाही.

आणि टुरिझमवाल्यांनी पण खूष व्हायचं कारण नाही. लाइट अँड साउंड शोमध्ये लॉरेन्सो द आल्मेडा मरताना दाखवतील, घोड्यावर मराठे येतील, मागे नगारा. बघायला मजा येईल, मी पण जाईन. पण १८७६ मध्ये जर्सन द कुन्हा नावाच्या मुंबईच्या गोवेकर डॉक्टरने चौल आणि वसईवर पुस्तक काढलं, पडक्या चर्चमधले शिलालेख उतरवून घेतले, त्यानंतर दीडशे वर्षं होत आली आणि कोटाच्या आत एका सामान्य माणसाचं घर कसं होतं हे आजही आपल्याला धड सांगता येत नाही. जे माहीतच नाही त्याचा शो कशावर करणार?

ह्या गणपतीत आत्याकडे गेलो तर तिने फडताळातून बिस्किटाचा जुना पत्र्याचा डबा काढला. आत ठिकऱ्या. मी मागे कधी तरी बोललो होतो म्हणून तिने मे महिन्यापासून जमवलेल्या, निळ्या, हिरव्या, एक तपकिरी चकाकीची जाड, बहुतेक मोठ्या रांजणाची, आणि एक शिशाची गोळी, बोराएवढी, एका बाजूने चपटी झालेली. प्रत्येक ठिकरी दुधाच्या धुतलेल्या पिशवीत आणि पिशवीत वहीच्या कागदाची चिठ्ठी: विहिरीच्या उत्तरेला, हातभर खाली. तिसऱ्या माडाच्या आळ्यात. पाटाजवळ, पाऊस पडल्यावर. तिला कोणी शिकवलं नव्हतं. मी म्हटलं आत्या हे तर भारीच, तर ती म्हणाली, "ते राहू दे. बाजूची वाडी विकली गेली, सोमवारी जेसीबी येतोय तिकडे. सकाळी आठला. तू राहतोयस का तोवर?"